टाकलेली पाने

माझ्यासमोरच्या स्टुलावर माणूस टेकण्यापूर्वीच तो सगळे सांगणार की निम्मे दडवणार, हे मला कळते. ही बढाई नव्हे, हा माझा व्यवसाय आहे. सरकारी कचेरीच्या कुंपणाबाहेर, चिंचेच्या झाडाखाली टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे राहिले ते राहिलेच. परंतु नावापुढे पदव्या लावणारी माणसेसुद्धा माझ्यापाशी येऊन "साहेब, जरा वजनदार शब्दांत बसवून द्या" असे म्हणतात, तेव्हा शिक्षण कशाला म्हणावे याविषयी माझे एक स्वतंत्र मत तयार झालेले आहे. ज्याची जमीन भावाने बळकावली तो भावाचा उल्लेख करताना टेबलाच्या कडेकडे पाहतो. जिला रेशनकार्डावरून सासूचे नाव कमी करायचे असते ती सासूविषयी फार गोड बोलते. मी सर्वांचे ऐकून घेतो आणि अखेरीस एकच प्रश्न विचारतो, "आपलं म्हणणं काय आहे?" त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज मी कागदाला पेन लावत नाही. चेहऱ्यावरून कितीही समजले तरी अर्जात माणसाचे म्हणणेच लिहावे लागते, हा या धंद्याचा पहिला नियम.

पेनही सांभाळावे लागते. सही झाली की लोक माझे पेन आपल्या खिशात घालून चालू लागतात. त्यांच्या मनात चोरी नसते, परंतु पेन जाते ते जातेच. त्यामुळे घटकेघटकेला छातीवरचा खिसा चाचपण्याची सवय माझ्या हाताला जडली. ती सवय माझ्या आयुष्यात काही महत्त्वाची ठरेल असे मला कधी वाटले नव्हते.

दादा आता नागपूरला असतात. ते तिथे का गेले, हे ज्याला त्याला मी 'प्रकृतीमुळे' असे सांगतो, आणि ते खोटेही नाही. मात्र पूर्ण कारण आमच्या रविवारच्या डावात आहे, आणि ते एकदा व्यवस्थित मांडून ठेवावे अशी माझी इच्छा आहे.

दादा हे दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले माझे मित्र. वयाने मोठे, म्हणून दादा. तयार झालेल्या सुट्या भागांना गेज लावून माप तपासणे आणि केसभर फरक दिसला तरी तो भाग नापास करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. ओळख अर्जामुळेच झाली. निवृत्तीच्या वेळी कुठल्याशा दाखल्यासाठी ते माझ्याकडे आले होते. मी लिहिलेला अर्ज त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "भाषा फार उंचावर ठेवलीय. साहेबाला मान वर करून वाचावं लागेल." मला राग आला. पुढच्या आठवड्यात काम झाल्याचे पेढे घेऊन आले आणि एवढेच बोलले, "केली मान वर त्यानं." त्या दिवसापासून मी त्यांना सोडले नाही.

डाव दर रविवारी दुपारी त्यांच्या खडकीच्या घरी बसायचा. वहिनी वारलेल्या, एकुलती मुलगी नागपूरला नोकरीत. घर लहान, पण माप घेऊन लावल्यासारखे नीटनेटके. शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी कारखान्याने निरोप देताना दिलेले घड्याळ. आम्ही चौघे असायचो. तिसरे तात्या. त्यांचे गाव शहराने गिळले आणि शेताचे प्लॉट पडले, तरी बोलणे मात्र गावाकडचेच राहिले. चौथा कचेरीबाहेर माझ्या शेजारी संगणक घेऊन बसणारा टायपिस्ट, आमच्यात सर्वांत तरुण. पूर्वी आम्ही रमी खेळत असू. पोकर त्यानेच आणला, मोबाइलवर शिकून.

"सर, रमीत पानं बघतात," तो म्हणाला होता, "पोकरमध्ये माणूस बघतात."

हे वाक्य माझ्यासाठीच केलेले होते असे मला वाटले. खेळ असा : प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मध्ये सर्वांसाठी एकेक करून उघडली जाणारी पाच. आपल्याकडे काही आहे असे भासवायचे असेल तर चिंचोके पुढे सरकवायचे. नसेल तर पाने पालथी टाकून मोकळे व्हायचे. शेवटपर्यंत टिकलेल्यांत ज्याची पाने भारी त्याचे सगळे चिंचोके; बाकीच्यांनी टाकून दिली तर उरलेल्या एकाचे. पैसे नव्हते. माझ्याच झाडाखाली वेचलेले चिंचोके स्टीलच्या डब्यात भरून मी नेलेले होते. टाकलेली पाने कोणी उलटून पाहायची नाहीत, हा नियम दादांनी पहिल्याच दिवशी घालून दिला. "टाकलं ते ज्याचं त्याच्यापाशी," ते म्हणाले.

मी या विद्येचा रीतसर अभ्यास केला. आपली पाने आली की सगळे आपल्या पानांकडे पाहतात; मी त्या क्षणी माणसांकडे पाहू लागलो. माझी पाने कुठे पळून जाणार नव्हती. तात्या सर्वांत सोपे निघाले.

"आरं, तुला कसं कळतंय रं?" एकदा चांगला डाव फुकट गेल्यावर ते ओरडले. "माझ्या तोंडावर लिवलंय काय?"

"तोंडावर नाही तात्या, तोंडात आहे," मी म्हणालो. "चांगलं पान आलं की तुमचं तंबाखू चघळणं थांबतं."

त्यानंतर तात्या सतत चघळू लागले आणि दर थोड्या वेळाने उठून बेसिनकडे जाऊ लागले. टायपिस्ट, हातात काही नसले की उगाच मोबाइल उलटा करून ठेवायचा. घरी सौभाग्यवतीलाही माझ्या प्रगतीची झळ बसली. भाजी आवडली का असे तिने विचारले तेव्हा मी तिच्याकडे जरा रोखून पाहिले, तर म्हणाली, "माझ्याकडे असं बघायचं नाही. मी काही तुमची अर्जदार नाही."

दादांची खूण मात्र सापडेना. त्यांचे हात खडकासारखे स्थिर. चिंचोके एका रेषेत मांडायचे, चेहऱ्यावर मिस्कील हसू, जे जिंकताना तेच आणि हरताना तेच. उलट तेच मला चिडवायचे.

"काय लेखक, आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या? आता स्वतःची करा."

"माझं काय आहे?"

"तुझी एक खूण आहे. पहिल्याच महिन्यात सापडली मला."

"कोणती?"

"सांगितली तर खेळू कशावर? पानं मला जन्माची भिकार येतात." मग पाने पिसत म्हणाले, "ज्या दिवशी तुझ्याशी खेळायचं नसेल ना, त्या दिवशी सांगेन."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्यासारख्याला खूण असणे मला मनातून पटलेले नव्हते.

पुढे एका पावसाळ्यात दादांच्या उजव्या हाताचा अंगठा पाने धरताना थरथरू लागला. टायपिस्टाने मला पूर्वीच सांगून ठेवले होते, "सर, मोठं पान आलं की काही लोकांचा हात कापतो. ती ॲक्टिंग नसते. बॉडी आपोआप सांगते." मला अत्यानंद झाला. दादांची खूण अखेर सापडली! त्यांचा हात थरथरला की मी पाने टाकून द्यायचो. बसने घरी परतताना तात्यांना हलक्या आवाजात ही गोष्ट समजावूनही दिली. तात्या म्हणाले, "लई बारीक बघतोस बाबा." पूर्ण पावसाळाभर मी त्या थरथरीला भिऊन डाव सोडत राहिलो. दादांना नेहमीच मोठी पाने येतात असे धरून, माणसाचे नशीब उतारवयात फिरते, असाही एक सिद्धान्त मी मनाशी मांडला.

मग एका रविवारी डाव मांडण्याआधीच दादा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. पत्त्यांचा कॅट अजून पेटीतच होता. आणि कप बशीत वाजत होता, टकटक टकटक, दारापासून टेबलापर्यंत. आम्ही तिघे त्या आवाजाकडे पाहत राहिलो. दादांनी कप ठेवला, बशीत सांडलेला चहा पाहिला आणि म्हणाले, "बघतोस काय? बशीतून प्यायची पद्धत जुनीच आहे."

डॉक्टरांनी कंपवात असल्याचे सांगितले. अपंगत्वाचे, आजारपणाचे, अंथरुणाला खिळलेल्यांचे किती अर्ज माझ्या हातून गेले, त्यांची गणती नाही. कोणत्या व्याधीला कोणता शब्द वापरला म्हणजे साहेब कागद बाजूला ठेवत नाही, हेही मला ठाऊक. आणि समोर दर रविवारी बसणाऱ्या माणसाच्या हातात मी एक्के पाहत होतो. ही हळहळ माझ्या मनातून गेलेली नाही.

मुलीने नागपूरला चला असा आग्रह धरला. दादा "बघू" म्हणाले. ते गेले तर रविवारचे काय होईल याचा मला विचारही करवेना. पुण्यात माझ्या ओळखी पुष्कळ, पण त्या अर्जाच्या टेबलापलीकडे बसणाऱ्या लोकांच्या. माझी भाषा उंच ठेवली आहे असे तोंडावर सांगणारा मनुष्य एकच. त्यांचे मन येथेच रमावे यासाठी काहीतरी केले पाहिजे, असे मी ठरवले.

तात्यांनी सुताराकडून खाच पाडलेली लाकडी पट्टी करून आणली. तीत पाने उभी राहत, धरावी लागत नसत. दादांनी ती उलटसुलट करून पाहिली. "खाच थोडी वाकडी आहे," म्हणाले, "पण पास." आणि मी हरायला लागलो. उगाच हरणे कोणालाही जमते. मी विश्वास बसेल असे हरत असे. दोन डाव जिंकायचो, एक मोठा डाव सोडायचो. पाने टाकताना अचूक तेवढाच उसासा. तात्या आणि टायपिस्ट न सांगताच समजले आणि तेही आपापल्या परीने हरू लागले. दादांपुढे चिंचोक्यांची रास वाढत गेली. इतक्या वर्षांत कमावलेली माणसे पारखण्याची विद्या चांगल्या कामी येत असल्याचे मला समाधान वाटत होते.

एक गोष्ट मात्र खटकायची. दादांचा चेहरा हळूहळू स्थिर होत चालला होता. त्या आजारात असे होते म्हणतात. स्नायू आखडतात, हसू ओठांपर्यंत येऊन पोहोचत नाही. ते जिंकत, आणि त्यांना आनंद झाला की नाही हे मला ओळखता येत नसे. आमच्या खेळात असा चेहरा मिळावा म्हणून लोक धडपडतात. माझ्या समोर तो बसलेला होता, आणि त्यातून मिस्कीलपणा कुठे निघून गेला ते मी शोधत होतो.

दिवाळीनंतर मुलगी रजा काढून आली. मला गॅलरीत बोलावून म्हणाली, "काका, बाबा काही बोलतच नाहीत. चेहऱ्यावरून मला तर काही समजत नाही. तुम्ही ओळखता त्यांना. त्यांना इथंच राहायचंय का?"

"इथंच," मी लगेच म्हणालो. "रविवार आला की कसे खुलतात, बघ तू."

तिने माझ्याकडे पाहिले. खुललेले तिला दिसले नसावेत. खरे म्हणजे मलाही दिसलेले नव्हते. तरी ती म्हणाली, "मग दिवसभराची बाई बघते. तुम्ही म्हणताय तर राहू दे त्यांना." मी निश्चिंत झालो.

त्याच दुपारी डाव मांडला. माझ्या हातात दोन एक्के आले. मध्ये उघडलेल्या पानांत तिसरा एक्का पडला. याहून चांगला डाव मला त्या घरात कधी आला नसेल. दादांनी ओंजळभर चिंचोके पुढे ढकलले. मी वेळ घेतला, उसासा टाकला आणि दोन्ही पाने पालथी ठेवली.

"जमत नाही बुवा," मी म्हणालो.

दादांनी चिंचोके ओढून घेतले नाहीत. त्यांचा हात टेबलावरून माझ्या पानांकडे येऊ लागला.

"दादा, टाकलेली पानं..." टायपिस्ट म्हणाला.

मेणकापडाला चिकटलेल्या पानाची कड त्यांच्या बोटांना सापडेना. मदतीला कोणाचाही हात पुढे झाला नाही. अखेर एक पान उलटले, मग दुसरे. तात्यांचे चघळणे थांबले.

"किती रविवार चाललंय हे?" दादांनी विचारले. त्यांचा आवाजही अलीकडे बारीक झाला होता.

"मला पान नीट दिसलं नाही, दादा."

"एक्का दिसला नाही. बरं. चष्मा बदल." मग तात्यांकडे वळून, "आणि तुमचं काय? तुम्हालाही मोतीबिंदू?"

"तुमचं मन लागावं म्हून केलं, दादा," तात्या म्हणाले. "दुसरं काय न्हाई."

"हात हलतो माझा तात्या. डोळे जागेवर आहेत." मग आम्हा तिघांकडे पाहून म्हणाले, "कारखान्यात कधी खोटं माप पास केलं नाही मी. आणि इथं, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर तुम्ही मला दर रविवारी पास करताय."

त्या सपाट चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, दुःख दिसत नव्हते. शब्दच तेवढे होते. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "बाळ, तिकीट काढ नागपूरचं. माझंही." त्या दिवशी चहा न घेताच आम्ही उठलो.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच खडकीला गेलो. खोके बांधून झाले होते. दादा खिडकीपाशी बसले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो आणि ज्या प्रश्नावर मी आयुष्यभर पोट भरले तो प्रश्न अखेर विचारला.

"दादा, आपलं म्हणणं काय होतं? राहायचं होतं का?"

"आत्ता विचारतोस?" ते म्हणाले. "होतं ना राहायचं. पण डाव खेळायला. तुम्ही मला देव्हाऱ्यात बसवलंत, वर नैवेद्य दाखवायला लागलात." श्वास घेऊन पुढे म्हणाले, "आणि आमच्यात देव्हारा नसतो, हे तुला माहीत असायला हवं होतं."

मला हसू आले आणि ते अर्ध्यावर थांबले. त्यांनी विनोद केला होता की नाही, हे चेहऱ्यावरून समजायला मार्ग नव्हता.

"पण तुम्हाला कळलं कसं?" मी विचारले. "मी तर अगदी व्यवस्थित..."

"तुझी खूण," दादा म्हणाले.

ते सांगणार आहेत हे माझ्या ध्यानात आले. सांगू नका, असे म्हणावेसे वाटले.

"हातात काही नसलं की तू खिसा चाचपतोस. पेन आहे का बघतोस. पहिल्यापासून. माणसाकडे काही नसलं की जे आहे ते तरी आहे ना, असं बघतो. आणि गेले कितीतरी रविवार तू खिसा न चाचपता पानं टाकतोयस. म्हणजे पानं चांगली होती." त्यांनी स्टीलचा डबा पायाने माझ्याकडे सरकवला. "चिंचोके घेऊन जा. तुझ्या झाडाचे आहेत."

डबा मी घेतला. स्टेशनवर निरोपाला तात्या आणि टायपिस्ट दोघेही आले होते. गाडी सुटताना दादांनी हात वर केला. तो आमच्यासाठी हलत होता की आपला आपणच, हे मी ओळखू शकलो नाही.

आम्ही तिघे अजून खेळतो, तात्यांनी प्लॉट विकण्यासाठी थाटलेल्या ऑफिसात. आता मी डाव सुरू असेपर्यंत दोन्ही हात टेबलावर ठेवतो. हात खिशाकडे जात नाही. परिणामी मी सारखा जिंकतो. थाप मारली तरी समोरच्यांना संशय येत नाही. टायपिस्ट म्हणतो, "सर, तुम्ही आता अनरीडेबल झालात." ही प्रशंसा आहे हे मला समजते. पूर्वी पत्ते मांडताना समोर एक मनुष्य असे, ज्याला माझी पाने काय आहेत हे माझ्या आधी कळत असे, आणि तो मला हरवत असे. ते हरणे किती चांगले होते, हे मी कोणाला अर्ज करून सांगणार?

मागच्या आठवड्यात टेबल आवरताना खिसा रिकामा लागला. पेन गेले होते. सकाळी कोणीतरी सही करून नेले असणार; दिवसभर शेजारच्याच्या पेनाने मी लिहीत राहिलो होतो आणि माझा हात एकदाही खिशाकडे गेला नव्हता. तसाच उभा राहून मी नागपूरला फोन लावला. मुलीने तो दादांच्या कानाला धरला.

"दादा, पेन गेलं," मी म्हणालो. "आणि मला कळलंच नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नुसता श्वास ऐकू येत होता. पूर्वी मी त्या शांततेचा काहीतरी अर्थ लावून मोकळा झालो असतो.

"दादा, हसताय का?" मी विचारले.

"हसतोय," ते म्हणाले. "सांगावं लागतं आता."